काळं तेल भट्टीत घालण्याआधी : ऑइल बॉयलरवर नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

कुपवाड एमआयडीसीत सूत रंगवणाऱ्या कारखान्यात मी गेली अठरा-एकोणीस वर्षं बॉयलरवर आहे. आधी हेल्पर, मग सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट, मग फर्स्ट क्लास. आमच्याकडे दरवर्षी आयटीआयची दोन-तीन पोरं शिकायला येतात. काहींनी साखर कारखान्यात एखादा गळीत हंगाम काढलेला असतो. त्यांना बगॅस (उसाचं चिपाड) कळतो, ब्रिकेट (भुशाची दाबलेली कांडी) कळतं, पण फर्नेस ऑइलच्या बॉयलरसमोर उभं केलं की ती थेट बर्नरच्या बटणाकडे बघतात. बटण दाबायला क्षणभर लागतो. त्याआधी तेल उतरवणं, निवळवणं, गाळणं आणि तापवणं यातच सगळं काम आहे, आणि तिथे चुकलं की बर्नर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. हे मला कुणी नीट लिहून दिलं नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

आमचा बॉयलर ताशी २ टन वाफेचा, तीन पासचा, नळ्यांतून धूर आणि बाहेरून पाणी असा. तुमचा वेगळा असेल तर आकडे थोडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

१. टाकीत नक्की काय आहे ते आधी पाहा

नवा पोरगा पहिल्याच दिवशी विचारतो, "मामा, हे क्रूड ना?" आपल्याकडे काळ्या, दाट तेलाला सरसकट क्रूड म्हणायची सवय आहे. हे क्रूड नाही. कच्च्या तेलातून रिफायनरीत गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जे जड उरतं, त्यापासून फर्नेस ऑइल बनतं. त्याचा पेटण्याचा स्वभावच वेगळा आहे.

कच्चं तेल भट्टीत जाळता येतं. जपानच्या वीज केंद्रांनी इंडोनेशियाचं कमी गंधकाचं मिनास क्रूड वर्षानुवर्षं थेट बॉयलरमध्ये जाळलं. सौदी अरेबियात उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली की क्रूड जाळून वीज तयार करतात. पण ती केंद्रं मुळात तशी बांधलेली असतात. क्रूडमधला पेट्रोलसारखा हलका भाग अजून आतच असतो. त्याची वाफ साध्या हवेच्या तापमानालाही निघते, ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे जमिनीलगत सरपटत जाऊन पाइपांच्या चरात साठते. आता तुमचं बॉयलर हाऊस डोळ्यांसमोर आणा. डे टँकचं (बर्नरला तेल पुरवणाऱ्या छोट्या टाकीचं) झाकण नुसतं ठेवलेलं, बाजूला तापलेला हीटर, दोन हातांवर मोटरचा स्टार्टर. तिथे क्रूड आणणं म्हणजे पेट्रोलची टाकी उघडी ठेवून चूल पेटवणं. शिवाय सगळं क्रूड सारखं नसतं. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं तेल हलकं आहे, पण त्यात मेण इतकं की गारठ्यात ते घट्ट होतं. म्हणजे पेट घ्यायला सोपं आणि पाइपातून वाहायला अवघड.

हा फरक एका आकड्यात कळतो, तो म्हणजे फ्लॅश पॉइंट. तेल किती तापलं की वरच्या वाफेला ठिणगीनं भपका धरतो, ते तापमान. पेट्रोलियम कायद्यात यावरूनच वर्ग पडतात. २३ अंशांखाली असेल तर अ वर्ग, २३ ते ६५ मध्ये ब वर्ग, ६५ ते ९३ मध्ये क वर्ग. फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट किमान ६६ अंश असावा लागतो, म्हणून ते क वर्गात. बहुतेक क्रूड अ वर्गात जातं.

इथला मोठा सापळा म्हणजे स्वस्त तेल. व्यापारी येतो, किलोमागे सहा-सात रुपये कमी सांगतो, तेलही काळंच असतं. त्यात गाड्यांचं जळकं ऑइल असू शकतं, जुने टायर वितळवून काढलेलं तेल असू शकतं. टायरच्या तेलात हलका भाग बराच असतो आणि फ्लॅश पॉइंट फार खाली येऊ शकतो. जळकं ऑइल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, परवानगीशिवाय ते भट्टीत घालताच येत नाही. मालक "बघ की जळतंय का" म्हणाले तरी आधी टेस्ट रिपोर्ट मागा. फ्लॅश पॉइंट, घनता, व्हिस्कॉसिटी (दाटपणा), पाणी, गंधक, राख, एवढं त्यात हवंच. रिपोर्ट नसेल तर टँकर उतरवू नका. नोकरीची भीती मलाही वाटायची. पण त्या तेलासमोर आठ तास मालक उभे नसतात, तुम्ही असता.

२. कागद कुठे आहेत ते विचारून घ्या

हे काम ऑफिसचं, पण इन्स्पेक्टर बॉयलर हाऊसमध्येच येतात आणि पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतात. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा नवा आला आहे, पण तपासणी आणि प्रमाणपत्र यांतून सुटका नाही. एवढं एका फाइलीत, हाताशी ठेवा :

– बॉयलरचं वापर प्रमाणपत्र आणि त्याची मुदत
– तुमचं आणि प्रत्येक पाळीच्या अटेंडंटचं सक्षमता प्रमाणपत्र
– प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र (त्यात लिहिलेलंच इंधन जाळता येतं, हे नीट वाचा)
– क वर्गाचा साठा ४५,००० लिटरच्या वर असेल तर पेसोचा (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्थेचा) परवाना
– टाकीचा कॅलिब्रेशन तक्ता
– प्रत्येक टँकरचं चलन, वजनकाट्याची पावती, टेस्ट रिपोर्ट

संमतिपत्रात चिमणीची उंचीही असते. ती तासाला किती सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो त्यावर ठरते. किलोतल्या त्या आकड्याचा ०.३ घात घ्यायचा आणि १४ नं गुणायचं. आमच्या बॉयलरला पूर्ण भारावर तासाला साधारण १४५ किलो तेल लागतं. गंधक ४ टक्के धरलं तर सुमारे २९ मीटर उंची येते. पत्र्याची आठ-दहा मीटरची नळी लावून तेल जाळणारे कारखाने आहेत. त्यांचा धूर शेजारच्या वस्तीत उतरतो, आणि ती माणसं खोकतात तेव्हा कारण आपणच असतो.

३. टँकर उतरवताना घाई करू नका

टँकर आला की ड्रायव्हरला जायची घाई असते. त्याला चहा द्या आणि निदान पंधरा मिनिटं टँकर सपाट जागेवर उभा राहू द्या. तेवढ्यात मोकळं पाणी खाली बसतं. मग याच क्रमानं :

सील तपासा, नंबर चलनाशी जुळवा. अर्थिंगची वायर जोडा. डिप रॉडच्या (तेलाची खोली मोजायच्या काठीच्या) टोकाला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून तळापर्यंत सोडा. पेस्टचा रंग जिथवर बदलला तिथवर पाणी. तेलाचं तापमान आणि घनता घ्या. दोन बाटल्या नमुना काढा, एकीवर तारीख आणि टँकरचा नंबर लिहून कपाटात ठेवा. ती बाटली पुढचा टँकर येईपर्यंत फेकायची नाही.

तापमान कशाला, असं पोरं विचारतात. फर्नेस ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. तेल ५५ अंशांवर आलं, तुम्ही डिप लावून १२,००० लिटर मोजले, आणि टाकीत ते ३० अंशांवर आलं की दोनशे लिटरच्या आसपास 'गायब' होतात. कुणी चोरलेले नसतात. आमच्याकडे एकदा यावरून पाळीवाल्यांवर संशय घेतला गेला होता. तेव्हापासून मी लिटरबरोबर वजनही लिहितो. वजन तापमानानं बदलत नाही.

उतरवताना पहिली जाड गाळणी इथेच. पुढे डे टँक ते हीटर मधली ४० मेशची (इंचाला ४० भोकांची जाळी) आणि हीटर ते बर्नर मधली १०० मेशची. गाळण्या जोडीनं असाव्यात, म्हणजे एक धुताना दुसरी चालते.

४. रोज सकाळी पाणी काढा

मोठ्या टाकीचा आणि डे टँकचा तळाचा ड्रेन पाळीच्या सुरुवातीला थोडा उघडायचा, खाली बादली धरून. आधी पाणी येतं, मग चॉकलेटी फेसाळ मिश्रण, मग चकचकीत काळं तेल. तेल आलं की बंद. निघालेलं पाणी गटारात ओतायचं नाही, वेगळ्या पिंपात साठवायचं.

टाकी साफ करायला माणूस आत उतरवायचा असेल तर हवा खेळती केल्याशिवाय, आतली हवा गॅस मीटरनं तपासल्याशिवाय आणि दोर धरून बाहेर माणूस उभा असल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. "दोनच मिनिटांचं काम आहे" हे वाक्य ऐकलं की झाकण लावून घ्या.

५. तेल तापवणं

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला डे टँकचं झाकण उघडून काठी घाला. तेल काठीवरून गुऱ्हाळातल्या थंड काकवीसारखं उतरतं, धार तुटतच नाही. असं तेल नोझलमधून फवारलं जाणं शक्यच नाही. आणि फवारा झाला नाही तर तेल जळत नाही, नुसतं सांडतं. जळताना तेलाचा थेंब जितका बारीक, तितकी हवा त्याला चहूबाजूंनी भिडते. सगळं तापवणं त्या एका थेंबासाठी आहे.

तापवणं दोन टप्प्यांत होतं. मोठ्या टाकीत आणि डे टँकमध्ये फक्त पंपाला उचलता येईल इतकंच, ४० ते ५० अंश. टाकी उघडी असते, वर हवा असते, म्हणून फ्लॅश पॉइंटच्या जवळ जायचं नाही. दुसरा टप्पा बर्नरजवळच्या हीटरमध्ये. तिथे १०० ते १२० अंश. आमचं तेल १०५ ला चांगलं चालतं. पण रिपोर्टवर व्हिस्कॉसिटी बदललेली दिसली की मी पाच-पाच अंशांनी सरकवून ज्योत बघतो. मागच्या टँकरचं तापमान या टँकरला चालेलच असं नसतं.

कमी तापलं तर ज्योतीत ठिणग्या उडतात, थेंब समोरच्या भिंतीवर जाऊन कोक (कडक कार्बन) धरतो. जास्त तापलं तर तेलातच वाफ धरते, पंप आवाज करतो, ज्योत उड्या मारते आणि हीटरच्या नळीवर कार्बनची साल चढते.

एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. हीटरनंतरच्या पाइपातलं तेल त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या कितीतरी वर असतं. पाइपात हवा नाही म्हणून ते पेटत नाही, एवढंच. त्या भागात फ्लँजमधून बारीक फवारा उडायला लागला की ते तेल साध्या फर्नेस ऑइलसारखं वागत नाही. म्हणून हीटर ते बर्नर मधली एकही गळती "नंतर बघू" वर टाकायची नाही. तिथे चिंध्या, कापूस, तेलकट भुसा ठेवायचा नाही. आग लागलीच तर फोम किंवा ड्राय पावडर आणि वाळू. पाण्याची नळी तेलाच्या आगीवर मारली तर तेल पाण्यावर तरंगत आग पसरवतं.

६. पेटवणी : आधी पाणी, मग हवा, मग तेल

गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच) दोन्ही बाजूंनी ब्लो करून, म्हणजे कॉक उघडून वाफ-पाणी जाऊ देऊन, पातळी खरी आहे ना पाहा. नुसतं पाणी दिसणं पुरेसं नाही, कॉक चोक असेल तर काचेतलं पाणी जिथल्या तिथे राहतं. फीड पंप चालवून बघा. लेव्हल कंट्रोलर ब्लो करून कमी पाण्याला बर्नर ट्रिप होतो का तपासा, हे रोज. मिरज-कुपवाड भागातलं बोअरचं पाणी जड आहे, सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) न विसरता रिजनरेट करा.

मग पर्जिंग. डॅम्पर (हवेची झडप) पूर्ण उघडून ब्लोअर (हवेचा पंखा) चालवून भट्टीतली आणि नळ्यांतली सगळी जुनी हवा चिमणीतून बाहेर काढायची. कंट्रोलर ते आपोआप करतो. त्याच्या टायमरला हात लावायचा नाही.

हे मी इतकं ठासून का सांगतो ते ऐका. मी हेल्पर असताना, दुसऱ्या एका कारखान्यात, जानेवारीतली रात्रपाळी होती. त्या दिवशी स्वस्त तेल उतरवलं होतं आणि डे टँकचं पाणी काढलेलं नव्हतं. ते काम माझं होतं, मी थंडीमुळे टाळलं. पहाटे चारच्या सुमाराला नोझलमध्ये पाणी आलं, ज्योत तडतडली आणि विझली. फोटोसेलनं (ज्योत आहे का हे बघणाऱ्या डोळ्यानं) लॉकआऊट केलं, म्हणजे बर्नर बंद पाडला. आमच्या मिस्त्रींनी रिसेट दाबलं, पेटलं नाही. पुन्हा दाबलं. वेळ वाचवायला पर्जिंगचा टायमर आधीच कुणीतरी कमी करून ठेवला होता. प्रत्येक वेळी थोडं तेल तापलेल्या विटांवर पडत होतं आणि त्याची वाफ आत साठत होती. चौथ्या वेळी ठिणगी पडली तेव्हा आधी आवाज आला नाही, जमीन हलली. मागच्या दाराच्या फटीत सीलसाठी बसवलेली दोरी बाहेर फेकली गेली, बघायच्या भोकाची काच फुटली आणि त्यातून वीतभर जाळ बाहेर आला. मिस्त्री त्याच भोकातून आत बघत होते. त्यांच्या भुवया गेल्या, उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत सोलली. डोळे वाचले.

म्हणून नियम असा. लॉकआऊट झाला की कारण सापडेपर्यंत रिसेट नाही. एकदा प्रयत्न फसला तर ब्लोअर पाच मिनिटं चालवायचा, भट्टीत तेल साचलं आहे का बघायचं, आणि साचलं असेल तर ते पुसून काढल्याशिवाय पेटवायचं नाही. फोटोसेल काढून त्याला टॉर्च दाखवून बॉयलर चालवणारे मी पाहिले आहेत. कुणी तसं शिकवलं तर शिकू नका. आणि पेटताना तोंड कधीही भोकासमोर नको, बाजूला उभं राहा.

थंड बॉयलर असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं डिझेलवर किंवा एलडीओवर (हलक्या डिझेल तेलावर), लहान ज्योतीवर, थांबून थांबून. विटा आणि नळ्या हळूहळू तापू द्या.

७. ज्योत आणि चिमणी वाचायला शिका

एक किलो तेलाला जळायला हिशेबानं १४ किलो हवा लागते. प्रत्यक्षात पंधरा-वीस टक्के जास्त द्यावी लागते, म्हणजे किलोमागे साधारण १४ घनमीटर. आमच्या बॉयलरला तासाला दोन हजार घनमीटर झाली. थंडीत बॉयलर हाऊसचं शटर ओढून घेणाऱ्या पोरांना मी हाच हिशेब सांगतो. शटर ओढलं की अर्ध्या तासात चिमणी काळी होते.

ज्योत नारिंगी-पिवळी, भरीव, टोकं स्वच्छ, भिंतींना न शिवणारी हवी. लालसर, लांब, टोकाला धूर असेल तर हवा कमी. आखूड, डोळे दिपवणारी पांढरट असेल तर हवा जास्त. चिमणीतून अगदी फिकट तपकिरी छटा किंवा काहीच न दिसणं चांगलं. पण काहीच दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. हवा फार जास्त असली तरी चिमणी स्वच्छच दिसते, आणि पैसा गरम हवेबरोबर वर जातो. म्हणून महिन्यातून एकदा तरी गॅस अॅनालायझर लावा. ऑक्सिजन ३ ते ४ टक्के, कार्बन डायऑक्साइड १३ च्या आसपास.

धुराचं तापमान रोज लिहा. तोच भार असताना ते वीस-बावीस अंशांनी वाढलं की कार्यक्षमता सुमारे एका टक्क्यानं घटलेली असते. नळ्यांत काजळी किंवा पाण्याच्या बाजूला क्षारांचे खवले, यापैकी एक कारण असतं. मात्र ते फार खाली आणायच्या मागेही लागू नका. तेलातल्या गंधकाचं आम्ल थंड पत्र्यावर उतरतं आणि चिमणी खालून कुजते. फर्नेस ऑइलवर १८० अंशांच्या खाली आम्ही जात नाही.

एक किलो तेलात १३ ते १४ किलो वाफ निघाली पाहिजे. पाण्याचं मीटर आणि तेलाचं डिप यांवरून रोज भागाकार करा. हा आकडा १२ वर आला की काहीतरी बिघडलेलं आहे, मग ज्योत कितीही छान दिसो.

८. नोझल

पाळी बदलताना नोझल काढून बघा. चांगलं नोझल ओलसर काळं दिसतं. बिघडलेल्याच्या तोंडावर कार्बनची कडक फुलं उमलल्यासारखी दिसतात, आणि फवारा एका बाजूला झुकतो. डिझेलमध्ये भिजवा, पितळी ब्रशनं किंवा लाकडी काडीनं काढा. लोखंडी तार कधीच घालू नका. भोक केसाएवढं जरी ओरखडलं तरी फवारा वाकडा जातो आणि नवं नोझल आणावं लागतं.

९. बंद करणं

पाळी संपताना शेवटची पाच-दहा मिनिटं बर्नर डिझेलवर घ्या, म्हणजे पाइपात आणि नोझलमध्ये दाट तेल राहून गोठत नाही. मग बर्नर बंद, हीटर बंद, ब्लोअर आणखी पाच मिनिटं चालू. हीटर चालू ठेवून पंप बंद केला तर आतलं थांबलेलं तेल जळून कोक होतं. नव्या पोरांच्या हातून होणारी ही नेहमीची चूक आहे. डे टँकचा वॉल्व्ह हातानं बंद करून पाहा, नुसता बंद 'दिसतो' यावर जाऊ नका.

१०. पावसाळ्यात

आमचं कुपवाड उंचावर आहे, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला आणि टँकर आला नाही. तेव्हापासून जुलै लागला की आम्ही दहा दिवसांचा साठा ठेवतो. ज्यांच्या टाक्या कृष्णाकाठच्या सखल भागात आहेत त्यांनी आणखी एक करावं. तेल पाण्यापेक्षा हलकं, रिकामी टाकी तर त्याहून हलकी. पुराचं पाणी टाकीभोवतीच्या बंधाऱ्याच्या भिंतीत शिरलं की अर्धी रिकामी टाकी पाइप तोडून तरंगायला लागते. टाकी पायाला पट्ट्यांनी जखडून घ्या, पूर येण्याआधी जमेल तितकी भरा, खालचे सगळे वॉल्व्ह बंद करा आणि टाकीच्या श्वासनळीचं (हवा ये-जा करायच्या पाइपाचं) तोंड पुराच्या खुणेच्या वर न्या.